रोमच्या वेशीबाहेरचा मळा



शहरात चार पैसे गाठीला जमले की माणसाला खेड्याची ओढ लागते. थोडी जमीन असावी, तीत टुमदार बंगला असावा, विहिरीला पाणी असावे, सुट्टीला जाऊन झाडाखाली खुर्ची टाकून बसावे आणि सोमवारी पुन्हा कचेरीत हजर व्हावे, असे त्याला वाटू लागते. शिवाराच्या कडेला मोटार उभी करून बांधावरून भावाची चौकशी करणारे असे पाहुणे तुम्ही पाहिले असतील. हा छंद नवा नाही, बरं का! दोन हजार वर्षांपूर्वी रोम शहरातल्या धनिकांना तो असाच जडला होता, आणि शहराजवळचा मळा घेताना काय पाहून घ्यावे यावर त्यांच्यातल्या जाणत्यांनी पुस्तके लिहून ठेवली आहेत. आज त्यांचीच गोष्ट सांगणार आहे.

रोमन लोक अशा मळ्यावरच्या घराला व्हिला म्हणत. हल्लीच्या जाहिरातींत व्हिला म्हणजे नुसता बंगला. मूळचा व्हिला तसा नव्हता. मालकाचा वाडा, गडीमाणसांच्या खोल्या, गोठा, खळे, द्राक्षे आणि ऑलिव्ह पिळायचे घाणे, कोठारे, आणि भोवताली जमीन, असा तो सगळा पसारा असे.

या जाणत्यांतला पहिला म्हणजे केटो. इसवी सनापूर्वी २३४ मध्ये जन्मला आणि १४९ मध्ये वारला. लहानपण शेतीवर गेले, तरुणपण लढायांत गेले, आणि पुढे कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वांत वरचा अधिकारी झाला. कार्थेज नगरीचा नाश झालाच पाहिजे म्हणून म्हातारपणी हट्ट धरून बसला तो हाच. त्याचे शेतीवरचे पुस्तक म्हणजे लॅटिन भाषेतला आज पूर्ण उपलब्ध असलेला सर्वांत जुना गद्य ग्रंथ. पण ग्रंथ म्हटल्यावर घाबरू नका. जुन्या घरातली टाचणवही असावी तसे ते आहे. त्यात बैलाचे औषध आहे, गोड पोळ्यांची कृती आहे, आणि कोबीवर तर म्हाताऱ्याचा असा जीव की पानेच्या पाने त्याचे गुण गायले आहेत.

मळा विकत घेण्याची गोष्ट या पुस्तकात अगदी आरंभीच येते. केटो म्हणतो की अधाशासारखे घेऊ नका; पायपीट करायला आळस करू नका; एकदा फिरून आलात म्हणजे पाहिले असे समजू नका. जमीन चांगली असेल तर जितक्या खेपा घालाल तितकी ती अधिक आवडेल. आणि मग तो जे सांगतो ते ऐकून तुम्ही मान डोलवाल. त्या जमिनीकडे पाहण्याआधी शेजाऱ्यांकडे पाहा, असे तो सांगतो. आसपासची माणसे खाऊनपिऊन सुखी दिसताहेत का? मुलूख चांगला असेल तर ते त्यांच्या तोंडावर दिसेल. माती तपासायला परीक्षानळी नव्हती त्या काळी. शेजाऱ्याचे तोंड हीच प्रयोगशाळा.

पुढे हवामान, मातीचा कस, आणि जमल्यास डोंगराच्या पायथ्याशी दक्षिणेकडे तोंड करून असलेली जागा. इटलीत हिवाळा कडक. दक्षिणेच्या उन्हाची तिथे किंमत. पाणी हवे, मजूर मिळायला हवेत, आणि जवळ भरभराटीचे गाव, नाहीतर समुद्र, नाहीतर नाव चालेल अशी नदी, नाहीतर वाहता रस्ता हवा. माल पिकला आणि बाजार गाठता आला नाही तर काय करायचे, हे त्या पिढीजात शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको होते. वारंवार हात बदललेली जमीन घेऊ नका, आणि ज्याने विकली त्याला पस्तावा होत असेल अशीच घ्या, हेही त्याचेच. वाड्यावर गेलात की दारूचे रांजण किती आहेत ते मोजा, घाणे किती आहेत ते पाहा. भांडी थोडी असली तर पीकही तेवढेच येत असणार. मालक सांगेल त्यावर जाऊ नका. आमच्याकडे सोयरीक जुळवताना कणग्या पाहायची रीत होती, त्यातलाच हा प्रकार.

किती जमीन असावी? केटोच्या मते शंभर युगेरम. बैलजोडीने एका दिवसात नांगरून व्हावी एवढी जमीन म्हणजे एक युगेरम, अशी रोमन लोकांची समजूत होती. आपल्या हिशेबाने सुमारे २५ गुंठे. म्हणजे शंभर युगेरमचे झाले बासष्ट एकर. त्यात पहिला मान तो द्राक्षमळ्याला देतो, अर्थात दारू चांगली आणि भरपूर होत असेल तर. दुसरा पाटपाण्याच्या बागेला. तिसरा मान देतो वाळुंजाच्या झाडांना! तुम्हांला नवल वाटेल. पण वाळुंजाच्या फोकांनी वेली बांधतात, टोपल्या विणतात, त्यावाचून द्राक्षमळा चालत नाही. धान्याच्या जमिनीचा नंबर पार सहावा. शहर जवळ असेल तर भाजीपाला लावा, हारांसाठी फुले लावा, जळाऊ लाकूडफाटा विका, असेही तो सांगतो. मार्केट यार्ड जवळ असले की पीकपद्धती बदलते, ही गोष्ट तेव्हाही अशी होती.

वाड्याबद्दल त्याचे मत असे: ऐपतीप्रमाणे बांधा, पण असा बांधा की वाडा मोठा नि जमीन तोकडी असे होऊ नये, आणि जमीन मोठी नि वाडा तोकडा असेही होऊ नये. मात्र राहण्याची जागा चांगली ठेवा. ती चांगली असली की तुमचे पाऊल मळ्याकडे वारंवार वळेल, आणि शेताला धन्याची पाठ दिसण्यापेक्षा तोंड दिसलेले बरे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना हा टोला आहे. त्याच्याही पुढे जाऊन कार्थेजचा मागो नावाचा ग्रंथकार सांगत असे की ज्याने मळा घेतला त्याने शहरातले घर विकून टाकावे. या मागोचे अठ्ठावीस खंड रोमनांनी कार्थेज बेचिराख केल्यानंतर लॅटिनमध्ये उतरवून घेतले, ते सरकारी हुकमाने. नगरी जाळली, पण शेतीचे पुस्तक तेवढे उचलून नेले!

इथे एक गोष्ट मनात येते. चांगल्या शेतकऱ्याकडून जमीन घेतलेली उत्तम, असे केटो म्हणतो. पण चांगला शेतकरी जमीन विकायला का निघाला, हे तो विचारीत नाही. त्या काळात रोमच्या लढाया दूर दूर, स्पेन नि ग्रीसपर्यंत चालत. लहान शेतकरी हाच शिपाई. तो वर्षानुवर्षे बाहेर. घरी जमीन पडीक. आणि लढाईत पकडलेले गुलाम बाजारात स्वस्त. इसवी सनापूर्वी १३७ च्या सुमारास टायबेरियस ग्राकस नावाचा एक तरुण अधिकारी स्पेनकडे जाताना एट्रुरिया प्रांतातून गेला, तेव्हा त्याला शेतांत स्वतंत्र शेतकरी कमी आणि परमुलखातले गुलामच जास्त दिसले, असे त्याच्या भावाने पुढे लिहून ठेवले. १३३ मध्ये या ग्राकसने कायदा आणला, की सरकारी जमीन पाचशे युगेरमच्या वर, म्हणजे सुमारे ३१० एकरांच्या वर, कोणी धरू नये आणि वरची जमीन गरिबांना वाटावी. कायदा झाला, पण त्याच वर्षी मोठ्या जमीनदारांच्या बाजूच्या लोकांनी त्याला रोममध्ये दिवसाढवळ्या ठार मारले. लहान शेतकरी किती उखडला गेला याविषयी आज विद्वानांत वाद आहे. रोमभोवती धनिकांचे मळे वाढत गेले, याविषयी मात्र नाही.

दुसरा जाणता व्हॅरो. याने ऐंशीव्या वर्षी, इसवी सनापूर्वी ३७ मध्ये, शेतीवर तीन भाग लिहिले, कारण त्याच्या बायकोने एक शेत विकत घेतले होते! व्हॅरो पंडित माणूस, पण मोठा गमत्या. त्याने आपल्या एका मावशीची हकीकत दिली आहे. रोमपासून चोविसाव्या मैलावर तिचा मळा होता आणि तिथे तिने कस्तूर पक्ष्यांचे खुराडे केले होते. रोमच्या मेजवान्यांत या पक्ष्यांना मागणी. एका वर्षात पाच हजार पक्षी, नगास तीन दिनार या भावाने गेले आणि साठ हजार सेस्टर्स हाती आले. दोनशे युगेरमच्या मळ्याला वर्षाकाठी सुटते त्याच्या दुप्पट ही रक्कम, असे व्हॅरो सांगतो. आजच्या कुक्कुटपालनवाल्यांनी या बाईला आपली पणजी मानायला हरकत नाही.

पण व्हॅरोची खरी मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींनी ती ध्यानात ठेवावी. दलदलीजवळ घर बांधू नका, असे तो सांगतो. का? तर अशा ठिकाणी डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव वाढतात, ते हवेतून तोंडावाटे नि नाकावाटे शरीरात जातात आणि कठीण रोग उत्पन्न करतात. सूक्ष्मदर्शक यंत्र यायला अजून सोळाशे वर्षे होती! रोमभोवतालच्या दलदलीत हिवताप होता आणि तो डासाने पसरतो हे १८९७-९८ नंतर कळले. व्हॅरोचा तर्क नेमका नव्हता, पण दिशा चुकली नव्हती. बरे, अशी रोगट जमीन वारसाने पदरी आली तर काय करावे? मिळेल त्या किमतीला विकून टाका, आणि गिऱ्हाईक नाहीच मिळाले तर सोडून द्या, असे त्याच्या पुस्तकातले एक पात्र सांगते. घेणाऱ्याचे पुढे काय होणार, यावर तेही काही बोलत नाही.

तिसरा कोलुमेला. हा स्पेनमधला, इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. सर्वांत व्यवस्थित लिहिणारा हाच. मळा शहराजवळ असावा, म्हणजे मालकाला कामे उरकून रोज तिकडे फेरी मारता येईल. रस्ता हवा, पण फौजा जातात तो हमरस्ता घराला लागून नको. येणारेजाणारे पिकाची नासाडी करतात आणि पाहुण्यांची वर्दळ मालकाला पुरून उरते. हमरस्त्यालगत ज्यांचे ऊस-हरभऱ्याचे शेत आहे त्यांना हे अधिक सांगायला नको. वाड्याचे त्याने तीन भाग केले: मालकाचा, गडीमाणसांचा आणि मालाचा. मालकाच्या भागात हिवाळ्याच्या खोल्यांना कोवळे ऊन यावे, उन्हाळ्याच्या खोल्यांना वारा यावा. आणि बेड्या घातलेल्या गुलामांसाठी जमिनीखाली कोठडी, तिला उजेडासाठी पुष्कळ अरुंद खिडक्या, त्या इतक्या उंचावर की हात पोचू नये. ही कोठडी होता होईल तो आरोग्यकारक असावी, अशी सूचना त्याने बरोबर जोडली आहे. चांगल्या गोठ्याच्या सूचना जशा द्याव्यात तशा!

आता खऱ्या ऐषआरामाकडे येऊ. पहिल्या शतकाच्या अखेरीस प्लिनी नावाचा एक वकील आणि सरकारी अधिकारी होऊन गेला. त्याची पत्रे प्रसिद्ध आहेत. रोमपासून सतरा रोमन मैलांवर, म्हणजे साधारण पंचवीस किलोमीटरवर, लॉरेंटम येथे समुद्रकाठी त्याचा वाडा होता. दिवसभराची कामे उरकून संध्याकाळी तिथे मुक्कामाला जाता येई, हे तो मोठ्या कौतुकाने सांगतो. जायला दोन रस्ते. शेवटचा टप्पा वाळूचा, गाडीला जड पण घोड्याला सोपा. जेवणघराला तिन्ही बाजूंनी समुद्र. निजायच्या खोलीला जमिनीखालून ऊब. पोहायचे गरम पाण्याचे टाके. उणीव एकच, वाहते पाणी नाही. पण विहिरी उथळ आणि पाणी गोड. शिमग्यासारखा त्यांचा एक सण डिसेंबरात येई, त्या दिवसांत गुलामांनाही धांगडधिंगा करायची मोकळीक. तेव्हा प्लिनी अगदी टोकाच्या खोलीत जाऊन वाचीत बसे, म्हणजे त्यांच्या मौजेत याची अडचण नाही आणि याच्या वाचनात त्यांची नाही.

याच प्लिनीने आपल्या एका मित्रासाठी शिफारसपत्र लिहिले आहे. मित्र म्हणजे सुएटोनियस, पुढे रोमन बादशहांची चरित्रे लिहिणारा. त्याला छोटा मळा घ्यायचा होता, आणि किंमत वाजवी लागावी एवढीच प्लिनीची विनंती. महागात पडलेली जमीन रोज डोळ्यांपुढे राहून मालकाला त्याचा मूर्खपणा आठवून देत असते, असे तो म्हणतो. शहर जवळ, रस्ता सोयीचा, घर बेताचे, आणि जमीन मन रमेल एवढीच, मनाला गुंतवून टाकेल एवढी नको. विद्वानाला काय लागते? डोके टेकायला जागा, डोळ्यांना विसावा, बांधावरून फिरायला एक पायवाट, आणि आपल्या वेली ओळखीच्या नि झाडे मोजून माहीत असावीत. हे पत्र मला फार आवडते. शिक्षक मंडळींनाही आवडेल.

पण प्लिनीचे दुसरे एक पत्र शेतकऱ्यांनी ऐकावे. त्याच्या जमिनीला लागून असलेला मळा विकायला निघाला. किंमत तीस लाख सेस्टर्स. पूर्वी पन्नास लाखांचा. भाव का उतरला, तर आधीच्या मालकाने केलेली जप्ती. कुळांचा खंड थकला की तो त्यांनी गहाण ठेवलेले सामानसुमान विकून वसूल करी. त्या वर्षी बाकी उतरे. पण औत-अवजार गेल्यावर कूळ कसणार कशाने? पुढच्या साली बाकी पुन्हा वाढे. प्लिनी हे सगळे ओळखून आहे. पुढे स्वतःच्या जमिनीवरही बाकी फुगली तेव्हा त्याने रोख खंड बंद करून पिकाचा वाटा घ्यायचे ठरवले, आणि वाटणीवर देखरेखीला आपली माणसे नेमली. कुळांना त्यात किती आराम पडला, ते कुळांच्या तोंडून ऐकायला आज काही साधन नाही. पत्रे लिहिणारा मालक होता.

गडीमाणसांचेही तसेच. केटोच्या वहीत त्यांचा हिशेब सापडतो. बेड्या घातलेल्या गुलामाला हिवाळ्यात दिवसाला चार रोमन पौंड भाकर, म्हणजे सुमारे तेराशे ग्रॅम; द्राक्षमळ्याची खांदणी सुरू झाली की पाच; अंजिरे पिकली की पुन्हा चार, कारण अंजिरांनी पोट भरते. गोधडीवजा पांघरूण एका वर्षाआड, आणि नवे देताना जुने परत घ्यायचे, म्हणजे त्याच्या चिंध्यांच्या वाकळी होतात. माणसे आजारी होती म्हणून काम मागे पडले असे कारभाऱ्याने सांगितले, तर त्याला विचारायचे की मग तेवढी भाकर का खर्ची पडली? आणि मळ्यावरची अडगळ विकून टाकण्याची जी यादी त्याने दिली आहे, तीत म्हातारे बैल, जुनी गाडी, मोडकी अवजारे यांच्याच ओळीत म्हातारा गुलाम आणि आजारी गुलाम आहे. दोनशे-अडीचशे वर्षांनी केटोचे चरित्र लिहिताना प्लूटार्क या ग्रीक लेखकाला हे खटकले. माझ्यासाठी राबून म्हातारा झालेला बैलसुद्धा मी विकणार नाही, मग माणूस तर दूरच, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे.

त्या मळ्यांतली दारू आपल्या मुलखापर्यंत येत होती, हे तुम्हांला ठाऊक आहे का? पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या माहितीपुस्तकात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत दारू आहे आणि इटलीच्या दारूला पहिली पसंती, असे म्हटले आहे. उलट बाजूने पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथून गाड्या भरून माल भडोचला जाई. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ या काळात प्रवरेकाठच्या नेवाशाला उत्खनन केले, त्यात दोन कानांच्या रोमन कुंभांची खापरे मिळाली. तसले कुंभ भरले जात होते ती जागा पाहायची तर इटलीत व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याशी जावे लागते. इसवी सन ७९ मध्ये तो फुटला आणि पाँपेई शहर व भोवतालचे मळे राखेखाली गेले. बोस्कोरेआले येथे १९७७ मध्ये असा एक मळा सापडला: अठरा रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले, मिळून सुमारे दहा हजार लिटरांचे.

आणि पाँपेईच्या तटाबाहेर, जेमतेम सातशे मीटरवर, आज चिविता जुलियाना म्हणतात त्या जागी, एका मोठ्या धनिकाचा वाडा निघाला. शहराजवळचा, ऐषआरामाचा, केटोपासून प्लिनीपर्यंत सर्वांना पसंत पडावा असा. चोरांनी भुयारे खणून तिथल्या वस्तू पळवायला सुरुवात केली होती, म्हणून २०१७ पासून सरकारने रीतसर खोदाई हाती घेतली. तबेल्यात घोड्यांचे सांगाडे मिळाले. २०२१ च्या फेब्रुवारीत मिरवणुकीची चार चाकी गाडी मिळाल्याचे जाहीर झाले, काशाच्या चित्रांनी मढवलेली. जगभरच्या वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच वाड्यातली आणखी एक खोली जाहीर झाली. राखेत गाडलेले लाकूड, दोरी, कापड कुजून जाते आणि त्याच्या आकाराची पोकळी राहते. तीत पातळ प्लास्टर ओतले की वस्तूचा हुबेहूब साचा हाती येतो. तसा या खोलीचा साचा निघाला. सोळा चौरस मीटरची खोली. भिंतींना रंग नाही, चित्र नाही. उंचावर एक लहानशी खिडकी. तीन बाजा. होय, बाजाच म्हणायला हव्यात, कारण फळ्यांच्या चौकटीला दोरी विणलेली, वर गादी नाही, फक्त पांघरूण टाकलेले. बाजांखाली मातीची भांडी, त्यांत लघवीचीही. एका लाकडी पेटीत घोड्याच्या सरंजामाच्या वस्तू. गाडीचा दांडा एका बाजेवर टेकवून ठेवलेला. कोपऱ्यात दारू-तेलाचे आठ कुंभ रचलेले, म्हणजे माणसांची खोली अर्धीअधिक कोठारच. पुढे २०२३ मध्ये अशाच दुसऱ्या खोलीत भांड्यांतून शिरलेल्या उंदीर-घुशींचे अवशेष मिळाले. खोलीतल्या माणसांची नावे मात्र मिळाली नाहीत. दोन बाजा एक मीटर सत्तर सेंटीमीटर लांबीच्या. तिसरी एक मीटर चाळीस. ती बहुधा लहान मुलाची असावी, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे.

गुरुजी, शाळेच्या पटांगणात चार मीटर लांब नि चार मीटर रुंद असा चौकोन फक्कीने आखा. त्यात या मापाच्या तीन बाजा मांडायला मुलांना सांगा, एक पेटी ठेवू द्या, कोपऱ्यात आठ घागरी ठेवू द्या, आणि चालायला वाट किती उरते ते त्यांनाच मोजू द्या.